जांभळा शिक्का

ती. आई,

तुम्ही पलीकडच्या खोलीत बाळाला कुशीत घेऊन झोपला आहात आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून हे लिहितेय. समोर आले की जीभ टाळ्याला चिकटते.

ऑफिसात काम निघालंय, असं सांगून मी संध्याकाळी गेले. बाळ तापानं फणफणलेलं असताना गेले. "जा, नोकरी आहे. मी बघते," म्हणालात. आणि मी मोठ्या बागेत, उघड्यावर, कॉलेजच्या पोरापोरींत घुसून पॉपच्या गाण्यांच्या कार्यक्रमात नाचले. घसा बसेपर्यंत ओरडले. खरं सांगते, मधला बराच वेळ मला बाळ आठवलंसुद्धा नाही.

घरी आले तर तुम्ही त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवत होतात. ती बदलायला मी हात पुढे केला आणि दिव्याखाली मनगट उघडं पडलं. बागेच्या फाटकाशी तिकीट बघून हातावर मारलेला जांभळा शिक्का, वर गिटारचं चित्र! आता कुठल्या ऑफिसात असले शिक्के मारतात?

तुम्ही उठलात. वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. तुम्ही तेलाची बाटली आणलीत, माझा हात मांडीवर घेतलात आणि अंगठ्यानं चोळत म्हणालात, "तुझा नवरा ड्युटीवरून यायच्या आत हा निघायला हवा. गाणी चांगली होती का गं?"

चार शब्द सुनावले असतेत तर बरं झालं असतं.

शिक्का गेला. उत्तर तेवढं द्यायचं राहिलं. हे पत्र सकाळी फाडणारच आहे, म्हणून लिहायची हिंमत होतेय.

फार चांगली होती हो, आई.

तुमची लबाड सून