माझ्या मागे उभी असलेली बाई

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आता मोकळेपणाने लिहिते. हयात होतात तेव्हा तुमच्यापुढे माझी बोबडी वळायची. पनवेलला मानसिक रुग्णांच्या वॉर्डात मी नवी नर्स होते आणि तुम्ही तिथल्या मुख्य नर्स. खाटेशी उभी राहून एका मुलीला विचारत होते, आवाज ऐकू येतात का, कधीपासून, काय म्हणतात. तुम्ही मागून आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "पोलीस चौकीत आहेस का? बस खाली." मग स्वतः स्टूल ओढलंत, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलीत आणि तिच्याशेजारी नुसत्या बसून राहिलात. नंतर चहा पिताना म्हणालात, आपली घाई रुग्णाला दिसता कामा नये. भासाला खोटं म्हणायचं नाही, खरंही म्हणायचं नाही. त्या माणसाला काय वाटतंय तेवढं धरून ठेवायचं. तुमचा भयंकर राग आला होता मला. पण आजवर त्याच शिदोरीवर नोकरी केली.

यंदा उलव्याकडची एक आजी दाखल झाली. अन्नाला शिवेना. संध्याकाळपर्यंत जेवली नाही तर नाकातून नळी घालायची, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं आणि तिचा मुलगा बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. दुपारी मी ताट घेऊन तिच्याजवळ बसते. ती माझ्याकडे बघतच नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघते.

"तुज्या मागं बाई उबी हाय. ती जेवली नाय. दारची बाई उपाशी, न मी कशी जेवू?"

"मला कोणी दिसत नाही, आजी. पण तिच्याआधी घास घ्यायला तुम्हाला बरं वाटत नाही, हे कळतंय मला."

आजी जरा सैलावली. "पांढरं लुगरं हाय तिचं. घड्याल आतल्या बाजूला फिरवलंय."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आजीने तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. मान वळवायची माझी छाती होईना. काय म्हणतेय ती, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण तो आजीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता, आणि त्याने तिचा भास आणखी घट्ट झाला असता. मी तो गिळला. विचारलं, "दारी आलेलं माणूस जेवायला नको म्हणालं, तर घरी काय करता?"

"इचारतो एकदा. मंग आमी जेवतो."

ती माझ्या मागे बघत राहिली. मग मान डोलावून तिने भाताचा घास उचलला. "नको म्हंते. सावकाश जेव म्हंते, घाई नाय."

आजी औषधांनी बरी झाली. घरी जाताना हसून म्हणाली, "आता कोन नाय तुज्या मागं." मुलाचे डोळे भरून आले. मीही म्हटलं, छान झालं.

हे पत्र कपाटातच राहील. पण एक सांगते. तिच्या गोळ्या रोज सकाळी मीच द्यायचे, आणि प्रत्येक गोळीबरोबर तुम्ही तिला कमी कमी दिसणार, हे मला ठाऊक होतं. एकही चुकवली नाही, मॅडम. एके दिवशी मात्र गोळी तळहातावर घेऊन मी तिच्या खाटेशी उभी राहिले, आणि ती देऊ नये असं मला फार वाटलं.