मी नसताना फुटलेल्या बांगड्या

देवरी, शनिवार

प्रिय नसीमला सलाम,

तब्येत ठीक आहे. दुकानात क्यूआर लावला, कोणाला न विचारता मीच शिकलो.

काल मी जुम्म्याच्या नमाजेला गेलो असताना एका बाईने क्यूआरवर पैसे भरून डझनभर बांगड्या स्वतःच चढवल्या. दोन फुटल्या. शेजारची भाजीवाली कलाबाई म्हणाली, "पैसे आले ना भाऊ, मंग कायले विचार करून राहिले?"

पण हातात भरताना फुटलेल्या बांगडीचं नुकसान मणियाराचं, हा आपला बांगडीवाल्यांचा कायदा. जुम्म्याच्या वेळी धंदा बंद, हाही आपलाच. म्हणून दोन हिरव्या, माप दोन-सहा, त्या बाईसाठी कलाबाईकडे ठेवल्यात. आता नमाजेला क्यूआर झाकूनच जाईन. थोडं गिऱ्हाईक तुटेल, काळजी करू नकोस.

तुझे हात रिकामे तर नाहीत ना? ईदपर्यंत थांब, मीच भरतो.

तुझा,
मुनाफ