चार आण्यांचा फुटबॉल संघ

आणि केसरबाईंनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. पहिल्याच ओळीत मी स्वतःला ‘फुटबॉल संघाचे मालक’ असे लिहिले होते.

“चार आण्याचे मालक तुमी, अन् लिवता सोळा आण्याचं,” त्या म्हणाल्या. “खोडा ते.”

खोडले. खाडाखोड पत्नीच्या हुकमाने झाली आहे, ती ग्राह्य धरावी.

मी, प्रसेनजित भाऊराव तायडे, वय ७१, मराठीचा निवृत्त प्राध्यापक, राहणार खामगाव, जिल्हा बुलढाणा, माझ्या माघारी भांडणे होऊ नयेत म्हणून हे लिहून ठेवतो. भांडणे माझ्या हयातीतच सुरू झाली आहेत. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. रेणुका सरोदे यांनी दिला आहे. संघ विकत घेतला त्या दिवशी त्यांनीही माझ्यासोबत चार आणे घेतले होते. दाखल्याचे वजन न्यायालयाने ठरवावे.

कलम १. राहते घर केसरबाईंच्या हयातीत त्यांचे. नंतर मुलगा धम्मरत्न याचे. तो पुण्यात बँकेत कर्ज विभागात आहे. संघात पैसे घालू नका, असे त्याने मला २०१८ साली सांगितले होते. तुला दूरचे दिसत नाही, असे मी त्याला म्हणालो होतो.

कलम २. बँकेतील शिल्लक केसरबाईंची. ती कमी का आहे, ते कलम ३ मध्ये आहे.

कलम ३. सातपुडा फुटबॉल संघ, जळगाव जामोद. यात माझा वाटा चार आण्यांचा. कापसाच्या जिनिंगच्या भागीदारीत सोळा आणे म्हणजे पूर्ण धंदा, असे वाटे आण्यांत धरायची खामगावची जुनी रीत. आम्हा चौघांना ती भारदस्त वाटली, म्हणून प्रत्येकी चार आणे. खेळाडूंना पगार आहे म्हणून संघ व्यावसायिक. मालकांना काहीच मिळत नाही, म्हणून तो अजून आमच्याकडे.

परदेशातले संघ कोणी किती कोटींना घेतले आणि कितीला विकले, हे मी तेव्हा पेपरात रोज वाचत होतो. चहाच्या टपरीवर इतरांना समजावत होतो. संघ म्हणजे हायवेवरचा प्लॉट, घ्यायचा आणि थांबायचे. सरकीचे व्यापारी कडूबा ढोकणे यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“सर, प्लॉटले जेवन लागत नाही,” ते म्हणाले. “याले अठरा तोंडं हायेत.”

तरीही त्यांनी चार आणे घेतले, मेहुण्यालाही घ्यायला लावले. प्राध्यापक खोटे बोलत नसतो, असा त्यांचा समज होता. मी खोटे बोललो नव्हतो. चौतीस वर्षे मी कवितेचा अर्थ सांगितला. संघाचा ताळेबंद एकदाच वाचला, तोही भाषा तपासण्यासाठी. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका निघाल्या. तोटा मला दिसला नाही.

आता पुण्याची एक कंपनी संघ मागते आहे. तिला फक्त लीगमधली जागा हवी आहे. अठरा खेळाडू नकोत, आणि त्यांची प्रशिक्षक, म्हणजे माझी मुलगी धम्मशीला, तीही नको. विक्रीसाठी निम्म्याहून जास्त आणे लागतात. कडूबा आणि त्यांचे मेहुणे विकायला तयार. डॉ. रेणुका नाही. उरलो मी. चौदा महिने मी मत दिलेले नाही.

केसरबाईंचे म्हणणे, दोन्ही लेकरांना दोन-दोन आणे द्या. धम्मरत्न आपले दोन विकणार, हे त्याने उघड सांगितले आहे. म्हणजे दहा आणे. वाटणी न्यायाची होईल आणि संघ जाईल. म्हणून माझ्या मृत्यूनंतर चारही आणे एकट्या धम्मशीलाला द्यावेत.

हे कलम मी तिला वाचून दाखवले. ती सरावावरून आली होती, पायात बूट तसेच होते.

“मेल्यावर देता, बाबा?”

“मृत्युपत्र आहे ते.”

“मार्चात लीगचे कागद भराचे हायेत. तवर मरता काय तुमी?”

“अवं पोरी, बापाले असं इचारतात काय?” केसरबाई म्हणाल्या.

“मंग कसं इचारू? दर मिटिंगले हे हार घालून घेतात अन् ‘विचार करू’ म्हणतात. पोरं मले इचारतात, मॅडम, दुसरं काम पाहू काय? मी काय सांगू त्याइले?”

“घाईत निर्णय चांगला नसतो,” मी म्हणालो.

“चौदा महिने झाले, बाबा. काऊन थांबले तुमी, खरं सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर येथे देतो.

कलम ४. मी भाव वाढण्याची वाट पाहत होतो. संघ विकायचा नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी कंपनी दर दोन महिन्यांनी फोन करून जास्त आकडा सांगत होती. तो ऐकला की २०१८ सालचा मी बरोबर होतो असे वाटायचे. या सुखासाठी अठरा जणांना टांगून ठेवले.

कलम ५. पुस्तके जळगाव जामोदच्या वाचनालयाला. गुंतवणुकीवरची तीन द्यायची नाहीत.

कलम ६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. अंगावर संघाचा झेंडा घालू नये. कडूबांना दोन मिनिटे बोलू द्यावे. ते बरोबर होते, हे त्यांना तेथे म्हणता येईल. माझ्यासमोर सात वर्षांत ते एकदाही म्हणाले नाहीत. याचाच मला राग आहे.

वरील मजकूर मी वाचला, समजला आणि सही केली.

प्रसेनजित भाऊराव तायडे

साक्षीदार: १. गोपाल वानखडे, शेजारी. २. महामाया इंगळे, निवृत्त ग्रंथपाल.

खामगाव, दि. १९ जानेवारी २०२५

ता. क. दि. २० जानेवारी. सकाळी साडेदहाला वकिलांकडे जाऊन चारही आणे धम्मशीलाच्या नावावर केले. मृत्युपत्रातील कलम ३ त्यामुळे रद्द समजावे. तिने तेथूनच कंपनीला फोन लावून नकार कळवला. आजचा आकडा तरी विचार, असे मी म्हणालो. तोवर तिने फोन ठेवला होता.