डोरिनच्या वडिलांचा मफलर

सालमिया, कुवेत, २५ जून १९९५

प्रिय प्रणिता,

मी बरा आहे. ऊन फार, पण एसी चालतो. आईचा गुडघा कसा आहे?

डिसेंबरात मी सुट्टीवर येताना आमच्या रुमानियन फोरमनने, डोरिनने, नाशिकच्या थंडीसाठी पिवळा-निळा मफलर दिला होता. विटका म्हणून मीच तो बोहारणीला द्यायला लावला आणि तू स्टीलचा डबा घेतलास. डोरिनला मात्र मी सांगितलं, आलोक तो घालूनच शाळेत जायचा.

काल डोरिन चॉकलेटं वाटत आला. त्याच्या प्लोयेश्त गावचा फुटबॉल क्लब, पेट्रोलुल, रुमानियाचा कप जिंकलाय. तेही तेलावरच जगणारं गाव. मफलर त्या क्लबचा होता. त्याचे वडील रिफायनरीतून सुटले की तोच गळ्यात घालून मॅचला जायचे.

म्हणाला, "मफलर घातलेला आलोकचा फोटो मागव. बाबांच्या फोटोशेजारी लावतो."

तुला तसाच मफलर विणायला सांगावा म्हणून पत्र लिहायला बसलो. पण त्या मफलरच्या एका टोकाला डोरिनच्या आईने रफू केलं होतं, आणि देताना त्याने ते मला कौतुकाने दाखवलं होतं.

विणू नकोस. उद्या त्याला खरं सांगतो.

आईला नमस्कार, आलोकला पापा. आणि मी येईन तेव्हा तो डबा माझ्यासमोर काढू नकोस.

तुझा,
गुरुप्रसाद