तळघराच्या दारावरची खूण

रविवार, १२ ऑक्टोबर

ती. वहिनींस,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला, रागावू नका. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण घरात दुसरं कुणी कुरकुरायला नाही, तेव्हा चालवून घेतो. ठमीचा निकाल कळला, फार आनंद झाला. बावीस वर्षांच्या बाईला ठमी म्हणायचं नाही, असं तिने मला मागेच बजावलंय. पण माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही, त्याला इलाज नाही.

तुम्ही लिहिलं होतंत की मुलगी हट्टाला पेटली आहे, पहिल्या तारखेला त्या वाइनरीतच रुजू होणार म्हणते. "बापासारखीच उतावळी आहे. तुम्ही जाऊन बघून या आणि नको म्हणा, तुमचं ती ऐकेल." म्हणून परवा गेलो. सतरा वर्षांनी गेलो, वहिनी.

आधी गावाचं सांगतो. बस आता थेट नदीपर्यंत जाते, पण पलीकडे जायला अजून नावच. जुना नावाडी गेला, त्याची मुलगी नाव चालवते. दुपारी बारा वाजेपर्यंत नदीवर धुकं होतं, समोरचा काठ दिसतच नव्हता. ती मात्र मोबाइलवर बोलत बोलत नाव बरोबर धक्क्याला लावून मोकळी झाली. गावातला रस्ता तोच, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला चढण. फक्त घरं रंगवली आहेत आणि दर दुसऱ्या दारावर 'वाइन चाखा' अशी पाटी आहे. तुमच्या दोन खोल्या आता पाहुण्यांना भाड्याने देतात. ज्या कठड्यावर तुम्ही ठमीची दुपटी वाळत घालायचात, तिथे कुंड्या आहेत.

त्या थंड मुलखात द्राक्षं दरवर्षी याच दिवसांत उतरतात, यंदाचीही उतरवून झाली आहेत. दरीत दोन्ही अंगांना वरपर्यंत नुसत्या वेलींच्या रांगा, पानं तांबडी होऊन गळायला लागलेली. रस काढलेला चोथा रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलाय, त्यावर गांधीलमाश्या. तो आंबट वास नाकात गेला आणि मी धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिलो. अर्धा तास तरी बसलो असेन. नाववाली येऊन विचारून गेली, काका, बरं वाटत नाही का. म्हटलं, गुडघा.

वाइनची लाकडी पिंपं बनवणारे म्हातारबाबा अजून आहेत. मला बघून म्हणाले, "आला का रेडिओ." माझ्या बडबडीवरून दादाने ठेवलेलं नाव, त्यांच्या लक्षात होतं. ऐकू कमी येतं त्यांना. आता पिंपं कारखान्यातून येतात, हे जुनी पिंपं अर्धी कापून त्यात झाडं लावून विकतात. "हात अजून चालतात, पण आता फुलांसाठी," म्हणाले आणि हसले. तुमची चौकशी केली. ठमी इथे येणार म्हटल्यावर त्यांनी हातातली करवत खाली ठेवली. मग म्हणाले, "ये म्हणावं. दादा माझ्या पोरासारखा होता. तेवढी एक चूक सोडली तर असा माणूस झाला नाही."

मी विषय बदलून कुंड्यांचे भाव विचारले.

वाइनरी मोठी झाली आहे. दादाने आणि मी जिथे काम केलं तिथे मी तिकीट काढून पाहुणा म्हणून गेलो. आम्ही बाराजण होतो, बरेचसे नवरा-बायको फिरायला आलेले. माहिती सांगणारी मुलगी ठमीएवढीच, चुणचुणीत. तुम्हाला काळजी आहे म्हणून मी बारीक नजरेने पाहिलं. तळघरात आता झगझगीत दिवे आहेत, छताला पंखे आहेत, भिंतीवर यंत्रं बसवली आहेत. रस आंबताना जो वायू सुटतो तो वाढला की ती यंत्रं किंचाळतात आणि दार बाहेरून उघडेनासं होतं. ठमीच्या जिवाला तिथे धोका नाही. हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो आणि एवढंच लिहून पत्र संपवावं असं मला तीन आठवडे, खरं म्हणजे सतरा वर्षं, वाटत आलं आहे.

पण तळघराच्या जुन्या दाराशी ती मुलगी थांबली. दार त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलंय. ती सांगायला लागली की पूर्वी यंत्रं नव्हती, तेव्हा रस आंबत असला की या दारावर खडूने फुली मारायचे. फुली असली की कुणी खाली जायचं नाही. आणि मग म्हणाली, "इथे एक कामगार घाईघाईत फुली पुसून, मेणबत्तीसुद्धा न घेता खाली उतरला. पुन्हा वर आला नाही. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो, म्हणजे घाई करण्याआधी तो दहादा विचार करेल."

लोक चुकचुकले. एका बाईंनी विचारलं, मुलंबाळं होती का हो त्याला. मी हातात वाइनचा ग्लास धरून त्यांच्यात उभा होतो. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. रेडिओ म्हणे.

वहिनी, आता नीट वाचा. मध्ये थांबू नका.

दारावर फुली मारायची आणि पुसायची मुभा फक्त दोघांना होती, दादाला आणि मला. त्याचा नियम असा. फुली पुसायची असेल तर आधी पेटती मेणबत्ती गुडघ्याशी धरून एकेक पायरी उतरायची. तो वायू जड, खाली साचतो, त्याला वास नाही आणि रंगही नाही. मेणबत्ती विझली की तिथूनच परत फिरायचं. ती तळाशी पोचेपर्यंत जळत राहिली तरच वर येऊन फुली पुसायची. म्हणजे दार पुसलेलं दिसलं की दुसऱ्याने समजायचं, आपला माणूस खाली जाऊन आलाय, हवा स्वच्छ आहे. मग त्याने पुन्हा मेणबत्ती घ्यायची गरज नसे. आम्ही दोघं सहा वर्षं तसंच करत आलो. "तू पुसलंस म्हणजे मी जाऊन आल्यासारखंच," असं दादा म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी दादाने फुली मारली आणि तो मळ्यावर गेला. दुपारी मालकांची मोठी गिऱ्हाइकं आली, सहाजण. त्यांना वाइन चाखवायचं काम माझं. त्यांची टेबलं बरोबर त्या दारासमोर होती. त्यातला एकजण फुलीकडे बोट दाखवून म्हणाला, "काय हो, आत कुणी मेलंय का?" सगळे हसले. मीही हसलो. मला लाज वाटली. एवढा गुळगुळीत बोलणारा मी, आणि मागे दारावर ती ओबडधोबड फुली. मी ओलं फडकं घेतलं आणि दार पुसून टाकलं. खाली गेलो नाही, मेणबत्ती पेटवली नाही. पाहुणे गेले की परत मारू म्हटलं. मग मालक म्हणाले यांना धक्क्यापर्यंत सोडून ये, आणि मी गेलो. तिथे नावेची वाट बघत गप्पा मारत बसलो. फुली माझ्या डोक्यातून साफ गेली.

परत आलो तेव्हा दार उघडं होतं. म्हातारबाबा दादाला हाका मारत होते. मी मेणबत्ती पेटवून उतरलो, ती तिसऱ्या पायरीवर विझली. बाबांनी मला दंडाला धरून वर ओढलं. झरोके उघडून, हवा खेळती करून त्याला वर आणेपर्यंत वीस मिनिटं गेली.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, फुली पुसली कुणी. मी म्हणालो, "दादानेच पुसली असणार. घाईत होता तो."

वहिनी, ती 'घाई' माझी आहे. मी तिथे उभ्या उभ्या तयार केलेली. तीच चौकशीच्या कागदावर उतरली, तीच म्हातारबाबांच्या मनात बसली, आणि परवा एका परक्या मुलीने मला ती तोंडपाठ म्हणून दाखवली.

त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं होतंत, "भाऊजी, यांना कसली हो एवढी घाई होती? आमचा विचार मनात आला नाही?" मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं मी रडतोय. रडतही होतो. पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्ही दादाचा फोटो भिंतीवरून काढला नसतात. ठमी जिन्यावरून धावत उतरली की तुम्ही म्हणता, बापावर गेलीस. प्रत्येक वेळी मी तिथेच बसलेला असतो, चहा पीत. पोरीने बापाला ओळखलं ते एवढ्याच एका गोष्टीवरून, आणि ती गोष्ट खोटी आहे. तुम्ही सतरा वर्षं नवऱ्यावर रागावलात. तो राग माझ्या वाट्याचा होता, मी तो मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलून तुमच्या घरी जेवत आलो.

मी भ्यालो होतो. आधी मालकांना, मग तुम्हाला, आणि नंतर इतकी वर्षं गेली म्हणून त्या वर्षांनाच. याहून मोठं कारण शोधून सापडलं नाही.

ठमीला जाऊ द्या. तिला काम येतं आणि ती जागा आता चांगली आहे. काल मी सगळं मालकांना लेखी कळवलं. म्हातारबाबांनाही वेगळं पत्र टाकलं, मोठ्या अक्षरात. ही दोन पत्रं आधी पेटीत टाकली, म्हणजे हे लिहिताना मला कच खाता येऊ नये. पण टपालाचा आणि मालकांच्या मर्जीचा काय भरवसा. पहिल्या तारखेला नव्या माणसांना त्या दाराशी उभं करतील आणि ती गोष्ट सांगतील. त्या आधी मी तिथे पोचलेला असेन. ठमीसमोर, सगळ्यांसमोर सांगेन. तुम्ही जाऊ नका म्हणालात तरी जाईन, एवढी एक गोष्ट तुमच्या मनाविरुद्ध करू द्या. त्यानंतर तुमच्या दारात मी पाऊल ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. उत्तर नाही आलं तरी मला कळेल.

हे पत्र तिला वाचायला द्या. निदान एवढं तरी वाचून दाखवा: तुझ्या बाबांनी घाई केली नव्हती. दार पुसलेलं पाहून त्यांना वाटलं, धाकटा खाली जाऊन आलाय.

तो धाकटा