समुद्राचं पाणी कोण सोडतं

आत्याबाई,

परवाच्या रविवारी मी अलिबागला जाऊन आले. मला नेलं माझ्या नातीनं, म्हणजे तुमच्या नातवाच्या मुलीनं. तुम्ही तिला पाहिलं नाही, तुम्ही गेल्यावर जन्मली ती. ती साजगावला एका कारखान्याच्या ऑफिसात बसते आणि रविवार आला की तिला कुठंतरी जायचं असतं. "आजी, सगळा जन्म रायगडात गेला नि तू समुद्र नाय बघितलास?" असं म्हणाली. मी म्हटलं, "समुद्रानं तरी मला कुठं बघितलंय?" जायच्या आधी आठ दिवस ती मोबाइलवर वाचत होती, अलिबागला काय बघायचं, कुठं काय खायचं. मोठ्यानं वाचायची. मी भाकऱ्या थापत ऐकत होते आणि मधेच माझ्या तोंडून गेलं, "किल्ल्यात विहीर हाय, ती लिवलीय का बघ." ती म्हणाली, "हाय की! तुला कसं ठावं?" मी तव्यावरची भाकरी उलटली.

मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंतची शाळा, तीही अर्धी गुरांमागं. पण हे कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय.

तुम्ही अलिबागला एकदाच गेलात, माझ्या लग्नाच्या आधी. जमिनीच्या कागदावर अंगठा लावायला जिल्ह्याच्या कचेरीत बोलावलं होतं. साहेब दुपारनंतर येणार म्हणाले. मामंजी नंबर जाईल म्हणून पायरीवरून हलले नाहीत, आणि तुम्ही कचेरीत आलेल्या दोन बायकांबरोबर निघालात समुद्र बघायला. ते दोन-तीन तास तुम्हाला पुढं वीस वर्षं पुरले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. अलिबागला गेलीस तर आधी ताजे बोंबील खा. सुक्या बोंबलासारखे काटकुळे नसतात ते, इतके मऊ की हातात धरवत नाहीत. मग समुद्रातल्या किल्ल्यात चालत जा, पाऊल भिजेल तेवढंच पाणी असतं. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, ओंजळभर पी. आणि समुद्राला पाणी सोडायच्या आत परत फीर, नाहीतर घोड्याच्या गाडीतून यावं लागतं. शेवटी ठरलेलं वाक्य, "तुझं माहेर कोंडाण्याचं, डोंगराच्या बुडाचं. तुला काय ठावं जग!"

आपल्याकडे समुद्र यायचा तो टोपलीत, आणि तोही वाळून. आगोटीच्या आधी कोळणी सुकट, बोंबील, सोडे घेऊन बाजारात बसायच्या आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचं आपण भरून ठेवायचो. समुद्राची ओळख तेवढीच. पाण्याची ओळख म्हणजे गावाखालची नदी. वरच्या वीजघरातनं पाणी सोडलं की नदी भरायची, बंद केलं की गोटे उघडे पडायचे. धुणं कधी न्यायचं, म्हशी कधी उतरवायच्या, सगळं त्या पाण्यावर.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. वैशाखातलं ऊन आहे, ओट्यासमोर चटया टाकल्यात आणि आपण पाचजणी तांदळाच्या पापड्या घालतोय. सकाळीच तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिच्या पापड्या बघा, म्हशीच्या कानासारख्या जाड." मी राग गिळला नाही, जिभेखाली ठेवला. मग कुणीतरी कोळणीचा विषय काढला आणि तुमचं अलिबाग सुरू झालं. किल्ल्यातून परत फिरायच्या जागेवर आलात तशी मी विचारलं, "आत्याबाई, समुद्राचं पाणी सोडतं कोण वो? तितं पन वीजघर हाय काय?" बायका फिसकन हसल्या. मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "आनि खाऱ्या पान्यात गोडी विहीर! रोज गूळ टाकायला मानूस ठेवलाय वाटतं." मग तर शेजारणीच्या हातातली पळी चटईवर पडली आणि एकीला ठसका लागला. "अगं, कचेरीच्या पायरीवर झोप लागली आसंल, सपान पडलं आसंल," हेही कुणीतरी म्हणालं. कुणीतरी म्हणजे मीच.

तुम्ही शिवी दिली असतीत तर मला चाललं असतं. तुम्ही पळी पातेल्यावर आडवी ठेवलीत, हात पुसलेत आणि आत गेलात. त्यानंतर अलिबागचं नाव तुमच्या तोंडून निघालं नाही. पुढं कधीतरी माझ्या मुलीनं विचारलं, "आजी, तू समुद्रावर गेलीवतीस ना?" मी आत तांदूळ पाखडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "मी कुटं जाते बाय. तुजी आय म्हनते तेच खरं." मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू.

आता अलिबागचं सांगते. खोपोलीहून एसटीनं पेण, पेणहून अलिबाग. ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, आणि त्या उन्हात माणसं मुद्दाम उघडी बसलेली. वाळूत उंट फिरवतात, त्यावर बसून लोक फोटो काढतात. नातीनं विचारलं, "बसतेस का?" मी म्हटलं, "जनावरानं माझं काय वाकडं केलंय?" रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा वेणीसारख्या गुंफून टांगलेल्या असतात, त्यातली एक घेतली, कांदा खरंच गोड आहे. जेवायला ती मोबाइलमधल्या जागी नेत होती. मी म्हटलं, जिथं बाहेर चपला जास्त तिथं चल. खानावळ बरी होती. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या कालवणात खोबरं फार, तिखट लाजत होतं. भाकरी आपल्या हातच्यासारखी पातळ नव्हती. आणि बोंबील आले. तळलेले, वरून कुरकुरीत, आत नुसतं पाणी. मी दोन खाल्ले, मग अजून दोन सांगितले. नात म्हणाली, "आजी, बोलत का नायस?" मी म्हटलं, "काटा बघत्येय." बोंबलाला कसला काटा!

किल्ल्यात आम्ही चालतच गेलो. नातीनं मोबाइलवर ओहोटीची वेळ काढली होती. पाऊल भिजेल तेवढंच पाणी. आत देऊळ आहे, झाडं आहेत, आणि विहीर आहे. आसपास मैलभर खारं पाणी आणि मधे ही. एका बाईनं पाणी काढलं होतं, तिच्याकडून ओंजळीत घेऊन प्यायले. गोडं. मी तिथल्या दगडावर बसले ती बसलेच. नात दोनदा येऊन गेली. "आजी, ऊठ, पाणी चढतंय." मी म्हटलं, "चडू दे. गुडघ्याला लागलं की थांबतंय. आपल्या नदीचं नाय का थांबत?" मला खरंच तसं वाटत होतं. नदीला सोडलेलं पाणी एका मापाला येऊन थांबतं, मी जन्मभर तेच बघितलंय.

दरवाजात आले तर वाट गेलेली. जिथून चालत आलो तिथं लाटा. घोड्याची गाडी करावी लागली. चाकं बुडाली, पाणी फळीला लागलं, मी दांडा धरून बसले आणि गाडीवाल्याला ओरडून विचारलं, "आरं, येवढं पानी सोडलं कुनी?"

तो मागं वळून हसला. "आजी, हितं कोन सोडीत नाय. आपोआप येतं नि आपोआप जातं." नात इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. गाडीत आणखी एक जोडपं होतं, तेही हसलं. मी त्यांच्याकडं बघत बसले आणि म्हटलं, "हसा. माझी सासू पन असंच म्हनायची." आपल्या माणसाला चढतं पाणी दिसलं तर दुसरा शब्द तोंडात येणार कुठून? तुम्ही जे बघितलं ते आपल्या शब्दांत सांगितलंत, एवढंच. हे कळायला मला त्याच गाडीत बसावं लागलं. त्या पाचजणींतली आता मी एकटीच उरलेय, म्हणजे माफी मागायची तर ऐकणारंही कुणी नाही.

पण नात होती. ती लगेच म्हणाली, "म्हणजे पणजी आलीवती हितं? मग घरात कुणालाच कसं माहीत नाय? माझी आत्या तर सांगते, पणजी कधीच कुठं गेली नाय."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हटलं काय, तर, "म्हातारपणी विसरल्या व्हत्या त्या. डोकं चालत नव्हतं."

तुमचं डोकं! जाण्याच्या आदल्या दिवशी सुद्धा वालाचं बियाणं कोणत्या मडक्यात आहे आणि त्यावरचं फडकं कुणाच्या लुगड्याचं आहे हे तुम्ही पडल्या पडल्या सांगितलं होतं. एकदा तुम्हाला खोटं ठरवलं ते रागात. या वेळी राग नव्हता, नातीसमोर मान खाली जाईल एवढीच भीती होती.

घरी येऊन तिनं सगळ्यांना सांगितलं की पणजीला विसरायचा आजार होता. सुनेनं ते मनावर घेतलं. असले आजार घराण्यात उतरतात म्हणे. मी तुमच्या पोटची नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि मी म्हटलं तर "बघ, हिला राग पन लवकर येतो आताशा," असं म्हणतात. डॉक्टरकडं न्यायचं चाललंय. तोवर नात रोज कामावर जाताना उंबऱ्यात थांबते आणि विचारते, "आजी, आज वार कोणता?"

मी बरोबर वार सांगते. ती जाते. दुसरं सांगायचं आहे ते अजून सांगितलेलं नाही.