घर नावाचा स्पीकर

देहूरोड,
रविवार, दुपार

प्रिय सनीदादा,

फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तू जाणतोस. म्हणून हे पत्र. आठवडाभर चाकणला कामाला जाऊन-येऊन इतकी दमते, की रविवारीच दोन वाक्ये नीट जुळतात.

पप्पांचा अ‍ॅम्प्लिफायर अजून आहे. त्यांनी साहेबांना सांगून लावून दिलेली नोकरी वर्ष भरायच्या आत सोडून तू बंगळुरूला निघालास, तेव्हा भांडणाच्या भरात या अ‍ॅम्प्लिफायरला ‘भंगार’ म्हणाला होतास. नोकरीचे ते विसरलेही असते; तो शब्द मात्र विसरले नाहीत. टेप बंद पडल्यापासून त्याचे लाकडी स्पीकर मुकेच होते. गेल्या महिन्यात मी वाय-फायवरून गाणी घेणारी एक लहानशी डबी आणली. तिची लाल-पांढरी वायर आधी चुकून रेकॉर्ड प्लेअरच्या जागी खोचली, तर स्पीकर असे गुरगुरले की आई धावत आली. "शाळेत पहिली येत होतीस ना? आता घर जाळती काय!" मग माहितीपुस्तिका शब्दकोश घेऊन पुन्हा वाचली, वायर टेपच्या जागी लावली, आणि सूर स्वच्छ उमटला. गाण्यांचे खाते तुझेच वापरले. जाताना तूच मला दिले होतेस. डबीला काहीतरी नाव देणे भाग होते. मी ‘घर’ असे दिले.

नंतर एका संध्याकाळी कोणी हात न लावता स्पीकर वाजू लागले. अर्धे कडवे झाले आणि थांबले. खाते एकच, म्हणून तिकडे तुझ्या फोनवरही ‘घर’ हे नाव दिसले असेल, चुकून बोट लागले असेल, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र पूर्ण गाणे वाजले, आणि तेही पप्पा ओव्हरटाइमहून आल्यावर लावायचे ते भीमगीत. ती चूक नव्हती, दादा. कोण वाजवतो आहे, ते मी सांगितले. पप्पा तसेच उठले आणि टीव्ही बंद केला.

आता रोज त्या वेळी ते खुर्ची स्पीकरजवळ ओढतात. तुला कोणी कळवले नसेल: कंपनीतल्या पत्रे दाबणाऱ्या प्रेसच्या दणक्यांनी त्यांचा डावा कान पूर्वीच गेला होता, आता उजवाही चालला आहे. डॉक्टरांनी दिलेले यंत्र कपाटात पडून आहे. तू आवाज अगदी हळू ठेवतोस, बहुधा संकोचाने. तेवढ्या आवाजात त्यांना काहीच ऐकू येत नाही. लाकडावर तळहात टेकून बसतात आणि थरथर थांबली की विचारतात, "संपलं का गं?"

तुम्हा दोघांचे निरोप वाहून मी थकले आहे. या वेळी मध्ये पडायचे नाही, असे ठरवलेही होते. पण काल आई चिडली, "अहो, बटन हाताशी हाय, फिरवा की!" पप्पा हलले नाहीत. "नको," म्हणाले, "त्यालाच वाढवू दे."

पत्र मिळेल त्या संध्याकाळी आवाज थोडा वाढव.

तुझीच,
आम्रपाली